महापालिकेची शाळा सुरक्षित करायची तर: एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या वहीतून

दोन सत्रांत भरणाऱ्या ठाण्यातल्या कुठल्याही महापालिका शाळेच्या गेटवर दुपारी बारा-साडेबाराला उभं राहून बघा. सकाळचं सत्र सुटतंय, दुपारचं आत येतंय. एकाच इमारतीत खाली मराठी, वर हिंदी किंवा उर्दू माध्यम, कोपऱ्यात बालवाडी. सकाळचे शिक्षक हजेरीपट बंद करून निघालेले, दुपारचे अजून मस्टरवर सही करताहेत. या पंधरा-वीस मिनिटांत कॉरिडॉरमधलं मूल नेमकं कोणाच्या जबाबदारीवर असतं? मी मुख्याध्यापिका होते तेव्हा हा प्रश्न आमच्या सभेत विचारला, तर तिन्ही शाळांनी एकमेकींकडे बोट दाखवलं.

घडलेल्या लहानमोठ्या घटना मी एका वहीत लिहीत असे. वही भरत आली तेव्हा लक्षात आलं की वर्ग चालू असतानाची नोंद क्वचितच आहे. जे घडलं ते सत्रबदलात, मधल्या सुट्टीत, शौचालयाकडे जाताना किंवा गेटबाहेरच्या पन्नास पावलांत. पुढे जे लिहिते आहे ते त्या वहीच्या आधाराने. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी आणि नव्याने चार्ज घेतलेल्या मुख्याध्यापकांनी हे हाताशी ठेवावं.

पहिली पायरी: खर्चाआधी फेरी

कॅमेऱ्याचं कोटेशन मागवण्याआधी इमारत चालून बघा, आणि वेगवेगळ्या वेळी बघा: गेट उघडण्याआधी वीस मिनिटं, मधल्या सुट्टीत, सत्र बदलताना, शाळा सुटल्यावर अर्ध्या तासाने आणि एकदा धो-धो पावसात. सोबत एक शिक्षक, समितीतली एक आई, सेविकाताई आणि दोन मुलं घ्या, एक चौथीतलं आणि एक सातवीतलं. मुलं हवीतच. आपल्याला दिसत नाही ते त्यांना दिसतं, आणि मुख्य म्हणजे त्यांना ते माहीत असतं.

आम्ही आणखी एक केलं. इमारतीचा साधा हाताने काढलेला नकाशा झेरॉक्स करून तिसरीच्या पुढच्या सगळ्या वर्गांत वाटला. नाव लिहायचं नाही, फक्त जिथे जायला नको वाटतं तिथे लाल टिंब द्यायचं. मला वाटलं होतं शौचालयावर टिंबं येतील. तिथे आलीच, पण सर्वांत जास्त टिंबं मागच्या जिन्याच्या वळणावर पडली. तिथे तुटलेल्या बाकांचा ढीग वर्षानुवर्षं रचलेला होता आणि त्याच्या आड मोठी मुलं लहानांना अडवून डबे, पैसे काढून घेत. तीन वर्षं मी रोज त्या जिन्याने जात होते.

ते बाक हलवायला वेळ लागला, कारण जडसंग्रह नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत) नोंद असलेली वस्तू निर्लेखन, म्हणजे मंजुरी घेऊन नोंदीतून कमी करणं, झाल्याशिवाय बाहेर काढता येत नाही. तुमच्याकडेही असा ढीग असणार. निर्लेखनाचा प्रस्ताव आजच पाठवा, आणि मंजुरी येईपर्यंत तो ढीग एखाद्या कुलूपबंद खोलीत सरकवा. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

फेरीत सापडलेलं सगळं एका कागदावर तीन रकान्यांत लिहा. उद्या आपल्या हाताने होईल ते, शाळेच्या अनुदानातून होईल ते, आणि महापालिकेनेच करायचं ते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येनुसार ठरतं. 101 ते 250 पटाला 50,000, 251 ते 1000 पटाला 75,000 रुपये अशी त्याची रचना आहे. त्यात खडू-फळ्यापासून सगळंच बसवायचं असतं, त्यामुळे तिसऱ्या रकान्याचा पाठपुरावा सोडून चालत नाही. पण पहिला रकानाच सर्वांत लांब निघतो, हा माझा अनुभव आहे. कड्या, बल्ब, कुलपं, ड्युटीचे तक्ते.

दुसरी पायरी: गेट आणि सत्रबदल

एका इमारतीत तीन शाळा असतील तर तीन मुख्याध्यापकांनी एकत्र बसून एका पानाचा लेखी करार करायचा. आमचा असा होता: सकाळच्या सत्राचे दोन शिक्षक शेवटचं मूल गेटबाहेर जाईपर्यंत थांबतील, दुपारच्या सत्राचे दोन शिक्षक पंधरा मिनिटं आधी येतील, ही चौघं गेट, जिना, शौचालयाकडचा कॉरिडॉर आणि मैदान अशा चार ठरलेल्या जागी उभी राहतील. ड्युटीचा तक्ता आठवड्याचा. सुरुवातीला कुरकुर झाली, आणि ती रास्तही होती. सकाळच्या शिक्षकांच्या लोकल ठरलेल्या असतात. मग ज्या दिवशी ड्युटी त्या दिवशी परिपाठाला उशीर झाला तर चालेल, अशी सवलत दिली. शिक्षकांवर नुसता बोजा टाकला की तक्ता भिंतीवर राहतो आणि जागा रिकाम्या.

गेट शक्यतो एकच वापरात ठेवा. दुसरं गेट कायमचं बंद मात्र करू नका, आग लागली तर तेच लागेल. चावी दोघांकडे, आणि कोणाकडे ते सगळ्यांना माहीत.

अभ्यागत नोंदवही सगळीकडे असते, आणि सगळीकडे तिच्यात 'काम: भेट' एवढंच लिहिलेलं असतं. नोंद अशी हवी की संध्याकाळी वाचून कळेल: कोण, कोणाला भेटायला, आत किती वाजता, बाहेर किती वाजता. बाहेरची वेळ रिकामी असेल तर तो माणूस अजून आत आहे असं समजून शोधायचं. नळदुरुस्तीवाले, पाण्याचे जार टाकणारे, रंगारी हे शक्यतो शाळा सुटल्यावर. अगदीच अडलं तर शिपाईमामा सोबत.

बालवाडी आणि पहिलीसाठी ओळखपत्र करा. मुलाला न्यायला येणाऱ्या जास्तीत जास्त तीन माणसांचे फोटो आणि नंबर, आईच्या सहीनिशी. एकदा आमच्या बालवाडीतली एक मुलगी शेजारच्या काकूंबरोबर घरी गेली. काकू चांगल्या, हेतू चांगला, पण आईला माहीत नव्हतं. ती चाळीस मिनिटं मी विसरलेले नाही. त्यानंतर 'ओळखीचे आहेत हो' हे वाक्य आमच्या गेटवर बंद झालं. आजोबांना एकदा परत पाठवावं लागलं, ते रागावले, दुसऱ्या दिवशी कार्ड घेऊन आले.

धुणीभांडी करणाऱ्या आया कामावर फोन उचलू शकत नाहीत. वागळे इस्टेटमधल्या काही कंपन्यांत मोबाइल गेटवरच ठेवावा लागतो. म्हणून प्रत्येक मुलामागे शेजारचा किंवा मालकिणीचा दुसरा नंबर घ्या आणि तो जूनमध्ये आणि दिवाळीनंतर असा दोनदा तपासा. या वस्त्यांत सिमकार्ड फार लवकर बदलतात.

तिसरी पायरी: शौचालय

शिक्षण हक्क कायदा 2009 मुलं-मुलींसाठी वेगळी शौचालयं सांगतो आणि ती बहुतेक शाळांत आहेतही. अडचण पुढची आहे. कडी आतून लागते का, आणि लहान मूल अडकलं तर ती बाहेरून उघडता येते का? दिव्याचं बटण पहिलीतल्या मुलाच्या हाताला येतं का? दुपारच्या सत्राला डिसेंबरात शाळा सुटता सुटता अंधारतं, तेव्हा तिथे दिवा चालू असतो का? पाणी नसेल तर मुली दिवसभर जातच नाहीत, किंवा जिथे कोणी नाही अशी जागा शोधतात. म्हणजे टाकीत पाणी असणं हाही सुरक्षेचाच विषय झाला.

बालवाडी ते दुसरीच्या मुलांना न्यायला फक्त महिला सेविका. ती रजेवर असेल तर बदली कोण हे आधी ठरलेलं. मोठ्या मुलींना जोडीने पाठवा. स्वच्छता कामगार, पुरुष असो वा बाई, मुलं आत असताना शौचालयात जाणार नाही. सफाईच्या वेळा ठरवून दाराला पाटी लावायची. हे नियम कोणावर संशय म्हणून नाहीत आणि कामगारांनाही तसंच सांगा. आमच्याकडच्या सफाई करणाऱ्या दादांना पाटी लावल्यावर उलट बरं वाटलं, कारण आता कोणी त्यांच्याकडे बोट दाखवणार नव्हतं.

चौथी पायरी: आत काम करणारी माणसं

ऑगस्ट 2024 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. आरोपी शाळेतला कंत्राटी सफाई कर्मचारी होता. त्यानंतर राज्य शासनाने शाळांसाठी सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती (विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) याबाबतच्या सूचना नव्याने काढल्या. त्यातल्या काही सूचना तर आधीपासूनच होत्या. सखी सावित्री समितीचा निर्णय 2022 चा आहे.

पडताळणीत खरी फट असते ती ठेकेदाराच्या बदली माणसात. ठेका घेताना पाच जणांची कागदपत्रं दिली जातात आणि गणपतीला तिघं गावी गेले की तीन अनोळखी माणसं कामावर येतात. म्हणून तुमचा नियम सोपा ठेवा: ज्याचा फोटो, आधारची प्रत आणि पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र माझ्या फायलीत नाही, तो मुलं असताना आत येणार नाही. बदली माणूस आला तर त्या दिवशी मैदान, गच्ची, बाहेरचा भाग. ठेकेदार चिडतो, वरिष्ठांना फोन करतो. करू द्या. नियम लेखी कळवलेला असेल तर वरिष्ठही तुमच्या बाजूने उभे राहतात, हे मी दोनदा अनुभवलं.

हाच नियम व्हॅनचालक, खेळाचे पार्ट-टाइम प्रशिक्षक, संस्थांचे स्वयंसेवक आणि रविवारी शाळेचं मैदान किंवा हॉल वापरणाऱ्यांनाही लावा. आणि शिक्षकांसकट सर्वांसाठी एक: बंद खोलीत एका मुलाबरोबर एक मोठा माणूस, असं कधीच नाही. दार उघडं, किंवा दाराला काच.

पाचवी पायरी: कॅमेरे, थोडक्यात

कॅमेरे हवेत. पण बहुतेक शाळांत ते मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर आणि गेटवर असतात, म्हणजे जिथे तसाही माणूस असतो तिथे. लाल टिंबं जिथे आहेत तिथे लावा: जिन्याची वळणं, शौचालयाकडे जाणारा कॉरिडॉर (आत कधीही नाही), बालवाडीचं दार, मागचं गेट. रेकॉर्डर कुलूपबंद कपाटात आणि छोट्या इन्व्हर्टरवर. वीज गेली की घड्याळ मागे पडू शकतं, म्हणून पडद्यावरची वेळ मोबाइलशी ताडून बघा. चुकीची वेळ असलेलं चित्रण तपासात त्रास देतं. रेकॉर्डिंग किती दिवसांनी पुसलं जातं ते लिहून ठेवा. 2024 च्या शासन निर्णयानुसार मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा चित्रण बघायचं आहे. सगळं बघणं अशक्य. सत्रबदल आणि मधली सुट्टी एवढं पुढे ढकलत बघितलं तर पंधरा मिनिटं लागतात. बघितल्याची तारीख-सही एका वहीत.

सहावी पायरी: मूल काही सांगतं तेव्हा

हा भाग पाठ असायला हवा, कारण त्या क्षणी कोणालाच काही सुचत नाही.

मूल सहसा सरळ सांगत नाही. 'मला त्या दादांबरोबर नाही जायचं', 'पोटात दुखतंय', 'शू करताना आग होते' अशा वाक्यांनी सुरुवात होते. ऐकणाऱ्या बाईंनी हातातलं काम ठेवून त्याच्या उंचीला खाली बसायचं आणि ऐकायचं. 'खरंच का?', 'नक्की?', 'मग तू ओरडली का नाहीस?' यातलं काही म्हणायचं नाही. एवढंच म्हणा: 'बाळा, मला सांगितलंस ते चांगलं केलंस. तुझं काही चुकलेलं नाही.' 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. 'तुला मदत करणाऱ्या माणसांनाच सांगीन' असं सांगा.

मग बाजूला होऊन मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, त्याच्या भाषेत, त्याने अवयवाला जो शब्द वापरला तोच. तारीख, वेळ, सही. पुन्हापुन्हा विचारू नका आणि मुलाला चार जणांसमोर उभं करू नका. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्यासमोर तर मुळीच नाही.

त्यानंतर पोलीस. पॉक्सो (लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण) कायदा 2012 च्या कलम 19 नुसार ज्याला असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडण्याची शंका आली, त्याने स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. कळवलं नाही तर कलम 21 नुसार सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. सद्हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. 'आधी अंतर्गत चौकशी करू', 'ट्रस्टींना विचारू', 'केंद्रप्रमुखांचा फोन लागत नाही' ही कारणं कायद्याला चालत नाहीत. आधी 112 किंवा पोलीस ठाणे, मग वरिष्ठांना कळवा. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास असते.

पालकांना बोलावून शांत खोलीत सांगा आणि त्यांचे हक्कही सांगा, कारण पोलीस ठाण्यात ते गांगरून जातात. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करतात. सीसीटीव्हीचं चित्रण लगेच वेगळं काढून ठेवा. ते पुसलं गेलं तर लोक तुम्हीच पुसलं म्हणतील.

आणि नाव. मुलाचं नाव, वर्ग, फोटो, पत्ता, ओळख पटेल असं काहीही बाहेर जाणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कोणाची मुलगी?' असा पहिला मेसेज येईल. ग्रुप त्याच वेळी 'फक्त ॲडमिन' करा.

तक्रारपेटीबद्दल एक सूचना. ती केबिनच्या दारात लावली तर रिकामीच राहते. आमची आम्ही पाण्याच्या नळाजवळ हलवली आणि पहिल्याच आठवड्यात चिठ्ठ्या आल्या. बऱ्याचशा खिचडीच्या चवीबद्दल होत्या, पण ज्या पेटीत खिचडीची तक्रार टाकता येते त्याच पेटीत मूल एक दिवस दुसरी चिठ्ठी टाकतं. पेटी उघडताना समितीतली एक पालक हजर असावी.

सातवी पायरी: इमारत, वीज, आग

16 जुलै 2004 ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या एका शाळेत आग लागून 94 मुलं गेली. तिथे पत्र्याऐवजी झावळ्यांचं छप्पर होतं आणि बाहेर पडायला अरुंद जिना. आपल्याकडे झावळ्या नाहीत, पण जिन्याखाली रद्दी, परीक्षेचे जुने पेपर आणि त्याला खेटून मीटरबॉक्स हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. ते आजच हलवा.

पावसाळ्यात भिंती झिरपतात आणि स्विचबोर्डला झिणझिण्या येतात. प्रत्येक मजल्याच्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. विजेचा धक्का लागताच तो पुरवठा तोडतो. त्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघा. इमारत 30 वर्षांवरची असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम 265-अ प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. अहवालाची प्रत प्रभाग समितीकडे लेखी मागा आणि समितीच्या सभेत वाचा. अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून येतं. अग्निशामक सिलिंडरवरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते कोणीही बघू शकतं. वापरायचा कसा, तर पिन ओढायची, नळी ज्वाळांवर नको, आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा, झाडू मारल्यासारखी डावी-उजवीकडे फिरवायची.

आग लागल्यास बाहेर पडण्याची कवायत वर्षातून दोनदा, आणि एकदा मधल्या सुट्टीत घ्या. वर्गात बसलेल्या मुलांना रांगेने खाली आणणं सोपं असतं. मैदानावर पोचल्यावर हजेरी घेतली नाही तर कवायत झाली असं समजू नका.

रबाळे, महापे, पावणे, तुर्भे या रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यातल्या नवी मुंबईच्या शाळांना आणखी एक तयारी लागते. आपल्या जिल्ह्यात डोंबिवली एमआयडीसीत 26 मे 2016 आणि 23 मे 2024 ला मोठे स्फोट झाले. दोन्ही वेळा मे महिना होता, शाळांना सुट्टी होती. वायुगळतीत सवयीने मैदानावर जमवलेली मुलं उलट धोक्यात येतात. तेव्हा मुलांना आत घ्या, खिडक्या-दारं लावा, पंखे बंद करा, फटींना ओली फडकी, नाकावर ओला रुमाल, आणि अग्निशमन दल सांगेल तेव्हाच वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर. म्हणून घंटा दोन वेगळ्या हव्यात: बाहेर पडण्याची लांब, आत थांबण्याची तुटक. मुलांना फरक ओळखायला दोन परिपाठ पुरतात.

पाऊस आणि रस्ता

जिल्हाधिकाऱ्यांची सुट्टी कधी कधी मुलं शाळेत पोचल्यावर जाहीर होते. अशा वेळी घंटा वाजवून सगळ्यांना सोडून देणं सर्वांत धोक्याचं. वंदना टॉकीजजवळ पाणी भरलेलं, दिवा परिसरात रस्ता दिसत नाही, मुंब्र्याच्या डोंगरउतारावर दरडीची भीती. सकाळच्या सत्रातल्या मुलांना आत थांबवा, ओळखपत्राप्रमाणे एकेकाला सोपवा, बिस्किटांचे पुडे आणि प्यायचं पाणी जूनमध्येच भरून ठेवा.

शालेय बसचे 2011 चे राज्याचे नियम परिवहन समिती आणि महिला सहायक सांगतात. पालिका शाळेत बस नसते, रिक्षा असते, आणि तिच्यात किती मुलं कोंबली ते रोज गेटवर दिसतं. रिक्षावाल्यांना दम देण्यापेक्षा त्यांची बैठक घ्या. त्यांचे नंबर, परवाना, कोणती मुलं, अशी यादी करा. ते रोज मुलांसोबत असतात, कोण अनोळखी माणूस गेटजवळ घुटमळतोय हे त्यांनाच आधी कळतं. आमच्या गेटसमोरचे वडापाववालेही असेच उपयोगी पडले.

बदली झाल्यावर

हे सगळं साधारण एका वर्षात उभं राहतं आणि मुख्याध्यापकांची बदली झाली की महिन्याभरात मोडतं. म्हणून फेरीचा कागद, सत्रबदलाचा करार, ओळखपत्रांची फाइल, कॅमेऱ्याचा पासवर्ड, प्रभाग समितीला पाठवलेल्या पत्रांचे जावक क्रमांक हे सगळं चार्ज यादीत नोंदवून द्या आणि समितीच्या इतिवृत्तातही घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात आणि सदस्यांपैकी निम्म्या महिला. त्यांची बदली होत नाही. माझ्या चार्ज यादीतली शेवटची नोंद होती: मागच्या गेटची चावी, 2 नग, पैकी 1 सेविकाताईंकडे.